पूर्ण वाढव

१

खालच्या वस्तीतले नळ कोरडे पडले, दवाखान्यातली डायलिसिसची यंत्रं थांबली, आणि दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेताना एक म्हातारा वाटेतच गेला. एवढं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की टेकडीवरच्या डेटा सेंटरचे पाइप एकदा बघून यावेत. बघितलं तर गावाच्या पिण्याच्या पाण्याची लाइन सताड उघडी. व्हॉल्व्हचं चाक शेवटपर्यंत फिरवलेलं. ते तेव्हाच उलटं फिरवून पाणी वस्तीकडे सोडलं. नवा नियम असा होता की उन्हाळाभर सेंटरने यंत्रं थंड ठेवायला शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भागवायचं आणि गावाच्या लाइनला हात लावायचा नाही.

गुन्हेगारही लगेच सापडला. पाळीप्रमुख नाना. सेंटरमध्ये वॉकीटॉकीवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो, आणि नियम लागू झाला त्याच सकाळचा नानांचा खणखणीत आवाज त्यात होता. "गावाची लाइन वाढव. पूर्ण वाढव. आजपासून."

आता नानांना विचारायची सोय नव्हती. त्याच दिवशी दुपारी ते आपल्या खुर्चीत कोसळले आणि गेले.

नियामक मंडळाने चौकशीला पाठवलं ते बाईंना. बाई पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला रुक्ष. आधीची सगळी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस फार सरळ वागायला लागला की त्यांना काट्याखाली चुंबक शोधायची सवय होती. निघताना त्यांचे साहेब म्हणाले, "फार खोलात जाऊ नका. मेलेल्या माणसाचं प्रकरण आहे. उद्या सुनावणी, आज सही."

खोलात गेल्यावर काय होईल हे साहेबांनाही ठाऊक होतं. नियमात एक पळवाट होती. चूक कंपनीची ठरली तर परवाना जातो. चूक एकट्या माणसाने स्वतःच्या डोक्याने केली असं ठरलं तर कंपनी सुटते आणि त्या माणसाच्या घरच्यांना फुटकी कवडी मिळत नाही. नानांच्या मागे त्यांची बायको होती. मूल नव्हतं. आणि वस्तीने तिच्या दारावर रंगाने 'पाणीचोर' लिहून ठेवलं होतं.

बाईंनी शाल घेतली, कारण असल्या इमारतींत थंडीने दात वाजतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्या टेकडी चढल्या.

२

सेंटरच्या व्यवस्थापक मॅडम गोड बोलणाऱ्या होत्या. इतक्या गोड, की बाईंनी पाण्याचा ग्लासही लांब सरकवून ठेवला.

"नाना म्हणजे आमचा आधार होते हो," मॅडम म्हणाल्या. "पण जुनी माणसं. नियमांचा राग. आधी विजेवर बंधन आलं, मग जनरेटरच्या धुरावर, आता पाणी. गावोगावची मंडळी आम्हाला हाताला धरून बोलावतात, जमिनी देतात, आणि येऊन टेकलो की मीटर लावतात. जेवायला बोलवायचं आणि घास मोजायचे, असं झालंय."

"शाळेत आम्हाला शिकवलं होतं की ढग पाणी देतो," बाई म्हणाल्या. "तुमचा हा इंटरनेटचा ढग पितो. मोजायला नको?"

मॅडम हसल्या, पण तोंडापुरत्या. मग त्यांनी नवा हॉल दाखवला. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं, काळ्या कपाटांच्या रांगा. जुन्या यंत्रांपेक्षा कितीतरी पट तापणारी. बड्या गिऱ्हाइकाने अख्खा हॉल भाड्याने घेतला होता आणि करारात एकच अट ठेवली होती, हॉलचं तापमान ठरल्या आकड्याच्या वर जाता कामा नये.

"शुद्ध केलेल्या पाण्यावर हा हॉल भागतो?" बाईंनी विचारलं.

"भागवायचं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा फोन वाजला.

बाईंना पुढे नेलं ते कंपनीच्या नियम-अधिकाऱ्याने. भर उन्हाळ्यात कोट घालून फिरणारा हा तरुण मुख्य कचेरीतून नुकताच आला होता, म्हणून सगळे त्याला कोटच म्हणत. नानांचं रेकॉर्डिंग त्यानेच शोधून काढलं होतं. तो चाचरत नव्हता, पण खूशही दिसत नव्हता.

"मला जे ऐकू आलं ते मी लिहिलं. मला इथे येऊन महिनाही झाला नाही, माझं नानांशी वैर असायचं कारण नाही."

"पण लाइन उघडी आहे हे तुम्हाला आधी दिसलं नाही? मीटर तुमच्या पडद्यावर असतो ना?"

कोटाने आजूबाजूला बघितलं. "दिसलं. दुसऱ्याच दिवशी. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, नानांचा दुखवटा चालू आहे, जरा थांबा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांनी तुम्हाला हे सांगितलं का, की त्या सकाळी त्यांच्यात आणि नानांच्यात कडाक्याचं भांडण झालं होतं?"

३

भांडणाचा साक्षीदार होता उजवा. नानांचा उजवा हात, म्हणून सगळे त्याला उजवा म्हणत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नानांनीच त्याला हाताला धरून इथे आणलं, काम शिकवलं, लग्नात उभे राहिले. आता त्यांच्या जागी तोच बसत होता, तात्पुरता. रेकॉर्डिंगमध्ये नानांच्या आवाजानंतर "हो नाना" म्हणणारा आवाज त्याचाच. व्हॉल्व्हचं चाक फिरवणारे हातही त्याचेच, आणि हे तो लपवत नव्हता.

तो पंपघरात भेटला. तीन पंप एकदम घुमत होते. बाईंनी प्रश्न विचारला तो त्यांच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचला नाही. उजवा मागे वळून ओरडला, "अरे, दोन नंबरचा वाढव! बाईंना काही ऐकू येत नाहीये!" पंपावरचा माणूस भिंतीशी गेला, आणि जरा बोलता यायला लागलं.

"भांडण कशावरून?"

"नाना म्हणत होते, सांडपाण्यावर नवा हॉल पूर्ण चालणार नाही, निम्मी यंत्रं थांबवा. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाईक सोडून जाईल." उजव्याने कपाळ पुसलं. त्याचे डोळे सुजले होते, आणि ते सोंग नव्हतं. बाईंनी खरं-खोटं रडणं बरंच पाहिलं होतं. "नाना तणतणत बाहेर आले. मग वॉकीटॉकीवर मला हुकूम दिला. मलाही नवल वाटलं. पण मॅडमपुढे नमले असतील, असं वाटलं. नोकरी कुणाला नको असते, बाई?"

"आणि तुम्ही चाक फिरवलं."

"नानांचा शब्द मी कधी मोडला नाही. मोडायला हवा होता."

बाईंनी चाक पाहिलं, पाइप पाहिले. माणूस वाकून दोन्ही हात लावेल तेव्हा कुठे हलेल असं ते अवजड चाक होतं. निघता निघता त्यांनी पंपावरच्या माणसाला सहज विचारलं, "हे पंप कधी बंद असतात का हो?"

त्या माणसाने जीभ चावली. "बाई, शुभ बोला की!"

"आमच्याकडे तो शब्द काढत नाहीत," उजवा ओशाळं हसून म्हणाला. "इथे काही थांबलं की माणसाची नोकरीच थांबते. नव्या माणसाच्या तोंडून निघाला तर सगळे त्याच्याकडे असे बघतात की पुन्हा काढत नाही."

बाईही हसल्या. त्यांच्या वजनकाट्याच्या कचेरीतही असलेच चाळे चालायचे. मग त्यांनी कोटाला बाजूला घेऊन विचारलं, हुकूम ऐकणारं आणखी कुणी होतं का? कोट म्हणाला, रात्रपाळी सुटली होती, वॉकीटॉकीवर दोघेच होते. एक मेलेला आणि एक रडणारा. साक्ष एकच, आणि ती नानांच्याच आवाजातली.

४

नानांची बायको खालच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. वस्तीतले सगळे तिला काकू म्हणत. परवापर्यंत म्हणत. बाई जिना चढत होत्या तेव्हा खालच्या बिऱ्हाडातल्या बाईने त्यांना पाहून दार लावून घेतलं.

काकूंच्या हाताला पट्टी होती. डायलिसिस त्यांचंही चालू होतं, ज्याची यंत्रं थांबली त्याच दवाखान्यात.

"शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे पाठ करून झोपते," काकू म्हणाल्या. "जो म्हातारा गेला तो तिचा भाऊ. मी तिला काय सांगू? अहो, ज्या पाण्यावर बायको जगतेय ते पाणी माणूस तोडेल का? तुम्हीच सांगा. वेडा होता का तो?"

"मॅडमच्या दडपणाखाली केलं असेल, असं म्हणतात."

"दडपण? त्यांच्यावर?" काकूंना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. "लग्न झाल्यापासून मी यांच्यावर दडपण आणतेय की घोरू नका. काही उपयोग झाला का?"

बाईंनी विचारलं, त्या दिवशी नाना काही बोलले होते का?

"सकाळी फोन केला होता मी. आनंदाने. काय झालं माहितीये, उन्हाळा लागल्यापासून आमच्याकडे वर पाणी चढतच नव्हतं, खालून बादल्या आणायच्या. आणि त्या सकाळी मोरीतला नळ सहज उघडला तर धो धो! वरच्या टाकीत चढलं पाणी. बायका गॅलरीत येऊन एकमेकींना सांगत होत्या. मी यांना म्हटलं, अहो, पाणी आलं वर. तर म्हणाले, येणारच, आजपासून येणारच. मजेत होते अगदी. आमचं बोलणं तेच शेवटचं."

बाई पुढे सरकल्या. "त्या सकाळी? दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही?"

"नवरा गेला तो दिवस मी विसरेन होय?"

"आणि पाणी गेलं कधी?"

"दुपारी. जेवणाची भांडी घासत होते तेव्हा. ते गेलं ते लाइन सापडेपर्यंत गेलंच."

बाई जिना उतरून खाली आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. सेंटरने सकाळी लाइन पूर्ण उघडली असती तर त्याच वेळी वस्तीत पाणी दुसऱ्या मजल्यावर कसं चढलं असतं? पाणी चढलं, म्हणजे सकाळी व्हॉल्व्ह मिटलेला होता. पण रेकॉर्डिंगमध्ये तर नाना स्वच्छ म्हणतात, वाढव. दोन्ही गोष्टी खऱ्या असणं शक्य नव्हतं. आणि दोन्हीपैकी एकही खोटी वाटत नव्हती.

५

बाईंच्या चष्म्याची काडी सकाळपासून सैल झाली होती. सही करायच्या कागदावरचं तरी नीट दिसावं म्हणून त्या संध्याकाळी बाजारात गेल्या. चष्मेवाला पायरीवर उभा राहून शटर ओढत होता.

"अहो, एक स्क्रू फक्त," बाई म्हणाल्या.

"उद्या या ताई. दुकान वाढवलं."

"बरं," म्हणून बाई वळल्या, चार पावलं गेल्या, आणि भर रस्त्यात थांबल्या. मागून येणारा सायकलवाला त्यांना चुकवताना काहीतरी पुटपुटला. बाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांच्या कानात पंप घुमत होते. तीन पंप, आणि मग, उजव्याने ओरडून सांगितल्यावर, दोनच.

दुसऱ्या दिवशी सुनावणीच्या आधी त्यांनी नियंत्रण कक्षात तिघांना बोलावलं, मॅडम, कोट आणि उजवा. काचेपलीकडे खाली पंपघर दिसत होतं. पंपावरचा माणूस तिथे एकटाच होता. बाईंनी कुणालाही न विचारता टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला आणि म्हणाल्या, "पंपघर, दोन नंबर वाढव."

"हो बाई," उत्तर आलं. काचेपलीकडे तो माणूस भिंतीशी गेला. दोन नंबरचा पंप घरघरत मंदावला आणि थांबला.

कोटाचं तोंड उघडं राहिलं. "पण तुम्ही तर वाढव म्हणालात."

"तुम्ही कुठल्या गावचे? तुमच्याकडे दुकान वाढवत नाहीत?" बाई म्हणाल्या. "बांगडी फुटली असं म्हणवत नाही, म्हणून ती वाढते. दुकान बंद केलं म्हणवत नाही, म्हणून वाढवतात. इथे तर तो शब्दच वर्ज्य. म्हणून नानांच्या तालमीतल्या माणसांनी जे जे थांबवायचं ते सगळं वाढवायला सुरुवात केली. दिवे वाढव, पंप वाढव. तुम्ही नवे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मुख्य कचेरीच्या भाषेत वाढव म्हणजे जास्त सोड. नानांनी लाइन पूर्ण बंद करायला सांगितली होती."

मॅडम सगळ्यांत आधी सावरल्या. "अरेरे! म्हणजे हा निव्वळ गैरसमज. उजव्यानेही चुकून तोच अर्थ घेतला."

"यांनी? काल माझ्यासमोर यांनीच हाच पंप वाढवला. मला ऐकू यावं म्हणून." बाई उजव्याकडे वळल्या. "आणि सकाळी तुम्ही बरोबर तोच अर्थ घेतलात. लाइन बंद केलीत. वस्तीत पाणी दुसऱ्या मजल्यावर चढलं, बायका गॅलरीत आल्या. ते गेलं दुपारी. म्हणजे चाक दोनदा फिरलं. सकाळी नानांच्या शब्दाने बंद झालं. दुपारी उघडलं ते कुणाच्या?"

उजव्याने काचेतून खाली थांबलेल्या पंपाकडे बघितलं.

"नवा हॉल तापायला लागला होता," तो म्हणाला. "लाल दिवे लागले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, उन्हाळाभर जो हॉल थंड ठेवील त्याची पाळीप्रमुखाची खुर्ची. नाना म्हणाले होते, तापला तर यंत्रं बंद करू." तो शब्द त्याच्या तोंडून असा सहज निघाला की त्याचं त्यालाही कळलं नाही. "मी सांगायला वर गेलो तर ते खुर्चीत पडले होते. गेले होते. मग मला आठवलं, रेकॉर्डिंगवर वाढव आहे. बाहेरचा माणूस ते ऐकेल तर..."

"तर तुम्ही सुटाल. आणि नाना बोलायला येणार नाहीत."

"मी असलं काही बोलले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "रेकॉर्ड दाखवा."

त्यांचं खरं होतं. केबिनमधलं बोलणं रेकॉर्ड होत नाही. पण त्याने फार फरक पडला नाही. जबाबदार हुद्द्यावरच्या माणसाने कंपनीच्या फायद्यासाठी लाइन उघडली, आणि कळल्यावरही कंपनीने ती उघडी ठेवली. कोटाने ते तोंडी नव्हे, लेखी कबूल केलं. पळवाट तिथेच बुजली.

६

सुनावणीत परवाना निलंबित झाला. नानांवरचा आरोप मागे घेतला गेला, त्यांचं जे काही देणं होतं ते काकूंना द्यायचं ठरलं. बाई स्वतः सांगायला गेल्या. असं कधी त्या करत नसत.

दारावरचा रंग कुणीतरी पुसला होता, अर्धामुर्धा. आत डायलिसिसच्या खाटेवरची ती शेजारीण बसली होती. दोघी बोलत नव्हत्या, पण ती बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं, उजव्याचंही. काकूंनी डोळे मिटून ऐकलं.

"उजवा," एवढंच म्हणाल्या. मग हातावरची पट्टी नीट करत, "माझ्या हातचं जेवलाय तो किती वेळा." आणि मग, "बाई, एक विचारू? बोलणं आमचं ते सकाळचंच शेवटचं. पण फोन मी आणखी एक केला होता. दुपारी पाणी गेलं तेव्हा. म्हटलं, सांगावं यांना. तर फोन उचलला गेला, पण बोललं कुणी नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा. मला वाटलं, कामात असतील, धावपळीत असतील. मी आपली बोलत राहिले, अहो, पाणी पुन्हा गेलं, बघा जरा. मग ठेवला. तो श्वास कुणाचा होता, तेवढं त्याला विचाराल?"

पाणी गेल्यानंतरचा फोन. उजव्याच्या म्हणण्याप्रमाणे नाना तोवर गेलेले होते. "विचारते," त्या म्हणाल्या.

उजव्याला पोलिसांनी चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं होतं. बाईंनी प्रश्न विचारला. आता त्याच्याकडे सांगायला कुठलीच गोष्ट उरली नव्हती, म्हणून त्याने खरं सांगितलं.

"मला वाटलं होतं, ते गेले. देवाशप्पथ, बाई. चाक फिरवून वर आलो तर छाती हलत होती. डोळे उघडे होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकूंचं नाव बघितलं, आणि काय करावं ते कळेना. उचलला आणि त्यांच्या कानाशी धरला. म्हटलं, काकूंचा आवाज तरी ऐकू दे."

"श्वास नानांचा होता."

"हो. काकू सांगत होत्या, पाणी पुन्हा गेलं म्हणून. नाना ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं." उजव्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "समजलं त्यांना. मग मी दवाखान्याची गाडी बोलावली."

"लगेच?"

उजव्याने तोंडावरचे हात काढलेच नाहीत.

बाई चौकीबाहेर आल्या. हे उद्या जबाबात लिहावं लागणार होतं, आणि पुढे कधीतरी काकूंच्या कानावर जाणारच होतं. पण काकूंनी विचारलं होतं ते तेवढंच. बाईंनी फोन लावला.

"काकू, तो श्वास त्यांचाच होता."

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे माझं बोलणं ऐकलं त्यांनी?"

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकलं."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. बाई फोन कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. तो ठेवायचं धाडस त्यांचं झालं नाही.